अडतंय ते डाव्या हातात

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

वय 47, राहायला डोंबिवली, नोकरी फोर्टात. लहानपणी राहून गेलेली हौस म्हणून साडेतीन वर्षांपासून तबला शिकतोय. शनिवारी संध्याकाळी क्लास असतो, पाऊण तासात आम्ही सहा जण. प्रवेशिका पूर्ण ही परीक्षा पास झालो, आता मध्यमा प्रथमचा अभ्यास चालू आहे. आठवडाभर लोकलमध्ये जीव जातो, म्हणून रविवारी दुपारी सलग अडीच तास बसतो. सोळा मात्रांच्या तीनतालातला 'धाधा तिरकिट धाधा तिंना, ताता तिरकिट धाधा धिंना' हा कायदा (बोलांची ठरलेली रचना) दुगुनीत, म्हणजे दुप्पट वेगात, 85 च्या लयीपर्यंत (मिनिटाला 85 मात्रा) बरा जातो. लेहरा (साथीची फिरती सुरावट) 100 वर नेला की तिरकिटपाशी गाडी घसरते. मग परत समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, सुरू करतो. चार महिने हेच चाललंय. सर म्हणतात, "हात बसू दे, करत राहा." मला वाटतं माझ्या उजव्या हातात वेगच नाही. रविवारी रात्री कोपरापासून मनगटापर्यंत ठणकतं. खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा येऊन गेल्या. त्यात कुठंतरी वाचलं की तयारीला दहा हजार तास लागतात, आणि हातपायच गळाले. या वयात हात तयार होतो का? रियाज नक्की करायचा कसा? सोबत 40 सेकंदांचं रेकॉर्डिंग पाठवतोय.

आपला,
उशिरा बसलेला एक विद्यार्थी

ताईंचं उत्तर

डोंबिवलीकर, नमस्कार.

पत्र वाचायच्या आधी मी तुमचं रेकॉर्डिंग ऐकलं, ते बरं झालं. उलटं केलं असतं तर मीही तुमच्यासारखी उजव्या हाताकडेच बघत बसले असते. तुमचा उजवा हात ठीक आहे. साडेतीन वर्षांच्या मानानं चांगलाच आहे. चाटेवरचा (तबल्याच्या कडेवरचा) 'ना' खणखणीत येतो, 'तिरकिट'ची अक्षरं सुटी ऐकू येतात. अडतंय ते डाव्या हातात.

इयरफोन लावून स्वतः ऐका. 40 सेकंदांत तीनतालाची चार आवर्तनं झाली आहेत. हा कायदा दुगुनीत आठ मात्रांचा होतो, म्हणजे एका आवर्तनात दोनदा. प्रत्येक वेळी 'तिरकिट' संपून 'धा' येण्याची जागा दोन. चार आवर्तनांत सोळा झाल्या. या सोळा जागांपैकी डग्गा (डाव्या हाताचं वाद्य) गाजलेला 'धा' मी मोजून पाच वेळा ऐकला. उरलेल्या अकरा वेळा तुम्ही मनात 'धा' म्हणताय आणि बाहेर नुसत्या उजव्या हाताचा 'ता' पडतोय. म्हणजे तुमची भरीची, डग्गा गाजवायची पहिली ओळ 'धाधा तिरकिट ताधा तिंना' अशी होते. आता सांगा, पुढं खाली आली हे ऐकणाऱ्याला कळायचं कसं? या कायद्यात खालीची ओळ उघडते ती डग्गा काढून घेतल्यामुळे. भरीतच डग्गा गळला तर तो ओसरणार कुठून?

हे का होतं ते हात बघितल्याशिवाय शंभर टक्के सांगता येणार नाही, पण तिरकिटमधला तुमचा डाव्या हाताचा 'कि' ऐकून अंदाज बांधता येतो. तो फटकन येतो, दार आपटल्यासारखा. 'कि'ला इतका जोर आला की समजावं, हात कोपरापासून उचलला जातोय आणि तळवा सगळाच्या सगळा पुडीवर (डग्ग्याच्या कातड्यावर) येऊन आदळतोय. आदळून झाल्यावर तो तिथंच पसरून राहतो. पुढच्या 'धा'साठी त्याच हाताला मनगट टेकवून, बोटं नागाच्या फण्यासारखी उभारून 'गे' काढायचाय. त्याला वेळ किती? 100 च्या लयीत एक मात्रा 0.6 सेकंदांची. तिरकिटची चार अक्षरं त्या एका मात्रेत, म्हणजे अक्षराला 0.15 सेकंद. 'कि'नंतर मध्ये फक्त 'ट' आहे. तेव्हा 'कि'पासून 'धा'पर्यंत डाव्या हाताला मिळतात 0.3 सेकंद. 60 च्या लयीत हाच वेळ अर्ध्या सेकंदाचा असतो, म्हणून तिथं चोरी लपते. वाढवल्यावर डावा हात पोचत नाही, उजवा त्याच्यासाठी क्षणभर थबकतो, आणि तुम्हाला वाटतं उजव्यालाच वेग नाही. पाहुणा उशिरा आला म्हणून पंगत खोळंबली, तर दोष वाढप्याला देऊन कसं चालेल?

आता तुमच्या रविवारकडे वळू. 100 च्या लयीत आवर्तन 9.6 सेकंदांचं. त्यात ती अडचणीची जागा चारदा, प्रत्येकी 0.3 सेकंद, म्हणजे सगळी मिळून 1.2 सेकंद. हिशेब आठव्या हिश्शाचा झाला. अडीच तास न थांबता वाजवलंत तरी त्या जागेच्या वाट्याला जेमतेम 19 मिनिटं येतात. तीही तुकड्या-तुकड्यांनी, आणि ज्या लयीत ती हमखास चुकते त्याच लयीत. त्यातून तुम्ही घसरलात की समेपासून सुरू करता. म्हणजे पहिले 'धाधा', जे तुम्हाला झोपेतही येतात, त्यांनाच सगळ्यात जास्त रियाज मिळतो. बिचारा तिसरा 'धा' उपाशी!

यावरून तुम्हाला हिणवायचं नाही, मी स्वतः यापेक्षा मोठा घोळ करून बसले आहे. विशारदच्या परीक्षेच्या वर्षी मला 'धिरधिर' या बोलाचं वेड लागलं होतं. पंजा फिरवण्याऐवजी मी तो नुसता थोपटत होते आणि जलद लयीत ते कुणाच्या लक्षातही येत नव्हतं. एक वर्ष रोज पहाटे मी ती चूक घोटली. मग एके दिवशी गुरुजींनी रेला (जलद वाजवायची रचना) ठाय, म्हणजे संथ, लयीत वाजवायला सांगितला आणि दोन मात्रांत मला थांबवलं. ती सवय मोडायला पुढचे चार महिने गेले. हाताला चूक-बरोबर काही कळत नाही हो, त्याला पुनरावृत्ती तेवढी कळते. घोटाल ते बसतं.

तेव्हा पुढचे पंधरा दिवस हा कायदा अख्खा वाजवायचा नाही. अवघड जाईल. बसल्या बसल्या हात आपोआप 'धाधा' सुरू करेल, त्याला थांबवा.

पहिले दोन दिवस फक्त डग्गा. उजवा हात मांडीवर. मनगट पुडीवर नेहमीच्या जागी टेकवा आणि ते तिथून हलू द्यायचं नाही. बोटं सपाट खाली पडली की 'कि', पुन्हा उभी राहून टोकांनी आघात केला की 'गे'. 'कि – गे –, कि – गे –' असं 50 च्या लयीत, मात्रेला एक अक्षर. 'कि'ला आवाज हवाच आहे, पण धपाटा नको; पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून कागदावर हात ठेवावा तितकाच. आणि 'गे' झाल्यावर लगेच हात झाकू नका, नाद सुटू द्या आणि तो विरेपर्यंत ऐका. खरं सांगते, हे अत्यंत कंटाळवाणं काम आहे. पण दुसऱ्या दिवशी 'गे' गोल यायला लागला की त्याचाही नाद लागतो.

मग उजवा हात आणायचा, पण तीनच अक्षरांपुरता. 'किट धा'. 'किट' एका मात्रेत, 'धा' दुसऱ्या मात्रेवर, मग दोन मात्रा गप्प. या गप्प मात्रा फार महत्त्वाच्या आहेत, त्या खाऊ नका. तेवढ्यात दोन गोष्टी तपासायच्या. एक, डग्गा गाजला का? दोन, उजव्या हाताची अनामिका शाईच्या (पुडीवरच्या काळ्या गोलाच्या) कडेला वेळेवर येऊन टेकली का? 'ट' वाजवून हात परतताना ती हवेत राहिली तर 'धा'ला धार येत नाही, तो बसका वाटतो. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये हेही दोनदा झालंय. कुठली अक्षरं कुठल्या बोटांनी हे मात्र तुमच्या सरांनी शिकवलं तेच ठेवा. घराण्या-घराण्यांत फरक असतो आणि पत्रातून बोटं बदलायला सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, माझ्यावरसुद्धा.

हे बसलं की मागं एक घास वाढवा: 'तिरकिट धा'. मग 'धा तिरकिट धा'. मग पुढं वाढवा: 'धा तिरकिट धाधा'. मग 'धाधा तिरकिट धाधा'. गाठ मध्यभागी ठेवून दोन्ही बाजूंनी दोरा सोडवत जायचा. 'तिंना' सगळ्यात शेवटी येईल, त्याला घाई नाही.

आता किती वेळा? इथं माझ्या घरचा उपाय सांगते. वाटीत दहा चिंचोके घ्या. एकदा नीट वाजलं की एक चिंचोका वाटीतून ताटलीत. चुकलं की ताटलीतला एक परत वाटीत. काही शिक्षक एक चूक झाली की सगळे दहा परत टाकायला लावतात. ते मला पटत नाही. नवव्याला माणूस इतका धास्तावतो की दहावा हमखास चुकतो, आणि मग तो तुकडा न घोटता भीती घोटली जाते. दहाही चिंचोके ताटलीत गेले की त्या दिवसापुरतं ते काम संपलं. अजून हात शिवशिवत असला तरी पुढं जा. उलट अर्धी वाटी रिकामी झाल्या झाल्याच चिंचोके परत यायला लागले, तर लय तुम्हाला झेपत नाही. दहानं खाली आणा, लाजायचं काय त्यात.

लय वाढवण्याबद्दल तुमच्यासारखे नोकरीतले विद्यार्थी फार उतावीळ असतात. बढतीसारखं दर वर्षी एक पायरी वर हवी असते त्यांना. 60 ला दहा चिंचोके झाले तर दुसऱ्या दिवशी 64, मग 68, आणि चौथ्या दिवशी परत 60. खाली येऊन वाजवताना हाताला जी ऐसपैस जागा मिळते ना, तिच्यात नाद सुधारतो. मधूनच एखाद्या दिवशी चक्क 45 ला वाजवा. संथ लयीत कायदा वाजवणं सोपं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ते केलेलं नसतं. दोन अक्षरांमधली पोकळी सांभाळताना घाम फुटतो. लेहराही रोज नको. तो लावला की तो तुम्हाला ओढून नेतो आणि तुमची स्वतःची लय किती डुगडुगते ते कळत नाही. आठवड्यातले दोन दिवस ॲप बंद ठेवा. पायानं किंवा मनात ताल धरा, आणि पाच मिनिटांनी मेट्रोनोम लावून बघा कुठं पोचलात ते. बहुतेक जण पुढं पळालेले असतात.

दहा हजार तासांचं एकदा मिटवून टाकू. आठवड्याला अडीच तास म्हणजे वर्षाला 130. दहा हजार व्हायला 77 वर्षं. तुम्ही तेव्हा 124 वर्षांचे असाल आणि खालच्या काकू त्याहून मोठ्या, तक्रार करायला कुणी उरणार नाही. तो आकडा ज्या अभ्यासातून उचलला गेला तो 1993 साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवर करून प्रसिद्ध केलेला. सगळ्यात सरस मुलांचे विसाव्या वर्षापर्यंतचे एकांतातल्या रियाजाचे तास सरासरी तेवढे भरले, इतकंच. ती सरासरी होती. तेवढे तास भरले की दार उघडतं असं काही नव्हतं. त्याच अभ्यासातलं दुसरं निरीक्षण मात्र कुणी सांगत नाही: ती सरस मुलं सलग बसत नव्हती. वेगवेगळ्या बैठका करायची, मध्ये विश्रांती घ्यायची आणि दुपारची चक्क झोप काढायची. माझ्या माहेरी दुपारी झोपणाऱ्याला आळशी म्हणत. असो.

झोपेचं खरंच आहे. रात्री ज्या तुकड्याशी झटापट केली तो सकाळी आपसूक सुटलेला असतो, हा अनुभव प्रत्येक वादकाला आहे. हाताच्या हालचाली मेंदूत पक्क्या होण्याचं बरंच काम आपण झोपलेलो असताना चालू असतं. तुमच्या रविवारच्या अडीच तासांना एक रात्र मिळते. तेच दीडशे मिनिटं सहा दिवसांत वाटली तर दिवसाला 25 मिनिटं होतात आणि सहा रात्री मिळतात. शिवाय रविवार ते रविवार मध्ये जे विसरायला होतं, ते परत आठवण्यातच तुमचा पहिला पाऊण तास जात असणार.

25 मिनिटं कुठून आणायची, हा तुमचा पुढचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय. तबला गवसणीत, गवसणी कपाटावर, चुंबळ कुठंतरी पलंगाखाली, हातोडी सापडत नाही: अशी मांडामांड असेल तर दहा मिनिटं त्यातच जातात आणि माणूस कंटाळून टीव्ही लावतो. एक कोपरा ठरवा, जोडी तिथं कायमची मांडून ठेवा आणि वर नुसता पंचा टाका. आल्यावर हातपाय धुतले की जेवणाआधी बसायचं. पाच मिनिटं नुसते 'ना', 'तिं', 'गे', सावकाश, नादासाठी. दहा-बारा मिनिटं ती गाठ. मग ज्याची सवय आहे असं जुनं काहीतरी, रोज वेगळं: एक दिवस झपताल, एक दिवस एखादा तुकडा. रोज तेच पाठोपाठ वाजवू नका. कालचं आज थोडं आठवावं लागलं तर ते जास्त टिकतं. शेवटची पाच मिनिटं चैन. वाटेल ते वाजवा, दादरा वाजवा, गाण्याबरोबर वाजवा. मी ही चैन मुद्दाम सांगते, कारण तुम्ही हौसेनं शिकताय आणि पत्रात एकदाही मजा येते असं लिहिलेलं नाही.

आणि लोकल! लोकलमुळे रियाज होत नाही म्हणता, मी तर म्हणेन डोंबिवली ते सीएसएमटी ही तुमची पढंतची, म्हणजे बोल तोंडानं म्हणायची, शाळा आहे. झाकीर हुसेन अनेक मुलाखतींत सांगायचे की लहानपणी वडील, उस्ताद अल्लारखाँ, त्यांना पहाटे तीनला उठवून बसवत आणि ते तास बोल तोंडानं म्हणण्यात जात. बोल जिभेवर सुटा नसेल तर बोटांत येणार नाही. तुमच्या बाबतीत तर मला दाट शंका आहे की तुम्ही तोंडानंही 'तिरकिटता' म्हणत असाल. बघा म्हणून. 'धा'ला छातीतून भरीव आवाज द्या, 'ता'ला वरचा, कोरडा. खालीच्या ओळीला आवाज उतरला पाहिजे. हातानं टाळी-खाली धरायला गर्दीत जागा नसेल तर बोटांच्या पेरांवर मात्रा मोजा. शेजारचा बघेल एकदा, मग तोही मोबाइलमध्ये बुडेल. एकाच वेळी दोन लयी सांभाळायची हौस वाटली तर गोव्याचे खाप्रूमामा पर्वतकर आठवावेत. ते हातापायांनी वेगवेगळ्या लयी एकाच वेळी धरून दाखवत. आपल्याला ठाण्यापर्यंत एक सांभाळता आली तरी पुष्कळ.

खालच्या काकूंकडे तुम्ही एकदा होऊन जा, त्या वर यायची वाट बघू नका. अडीच तास सलग तबला ऐकणं ही शिक्षा आहे, तोही घसरणारा. मी त्यांच्याच बाजूनं आहे. रोज संध्याकाळी अमुक ते अमुक, 25 मिनिटं, असं सांगितलंत तर त्या बहुतेक हो म्हणतील. डग्ग्याचा आवाज जमिनीतून खाली जातो, तेव्हा जोडीखाली जाड सतरंजीच्या दोन घड्या टाका. तबल्यावर टॉवेल टाकून वाजवण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तिरकिटची अक्षरं मोकळी करायला एखाद वेळ ठीक. पण तुमचा आजार नादाचा आहे, आणि कापडाखाली 'धा' आणि 'ता' सारखेच ऐकू येतात. ते औषध तुम्हाला चालणार नाही.

हात दुखतो त्याबद्दल. सलग अडीच तास, त्यात कोपरापासून आपटणं, दुखणारच. बैठकी लहान झाल्या आणि मनगट टेकलेलं राहिलं की निम्मं दुखणं जावं. पण बोटांना मुंग्या येत असतील, किंवा सकाळी उठल्यावरही ठणका असेल, तर चार दिवस वाद्य बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. 'दुखलं म्हणजे हात तयार होतोय' असं म्हणणारे गुरुबंधू भेटतात, त्यांचं ऐकू नका. एक गोष्ट तुमच्या वाद्याचीही आहे. रेकॉर्डिंगमध्ये तुमचा तबला उतरलेला आहे. लेहऱ्याच्या षड्जाशी जुळत नाही, आणि एका बाजूचा 'ना' दुसऱ्या बाजूपेक्षा खाली आहे. पावसाळी हवेत पुडी ओल धरते, हे होणारच. पण उतरलेल्या वाद्यातून नाद काढायला हात नकळत जोर लावतो. बसण्याआधी गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) हलके ठोके देत घरं जुळवून घ्या. मोठा फरक असेल तरच गठ्ठ्यांना (बाजूच्या लाकडी ठोकळ्यांना) हात लावा. सुरुवातीला वेळ जाईल, पण ते जुळवणं हाही कानाचा रियाजच आहे, तो 25 मिनिटांत धरलात तरी हरकत नाही.

तुमच्या सरांबद्दल लिहिताना तुम्ही थोडे रुसलेले वाटलात. पाऊण तासात सहा जण म्हणजे तुमच्या वाट्याला सात-साडेसात मिनिटं. त्यांनी काय काय बघावं? "सर, वेग येत नाही" म्हटलं की ते "करत राहा" असंच म्हणणार. मीही तेच म्हटलं असतं. या शनिवारी गेलात की एवढंच विचारा: "सर, 'कि' वाजवताना माझा डावा हात कोपरापासून उचलला जातोय का, जरा बघाल?" प्रश्न बोटभर असला की उत्तरही हाताशी येतं. परीक्षेला बसा, पण या कायद्याचे पलटे (त्याच बोलांचे फेरबदल) दहा पाठ करण्यापेक्षा चार असे वाजवा की खाली-भरी लख्ख दिसेल.

आणि ऐका. वाजवण्याइतकंच ऐका, फक्त या महिन्यात ऐकताना उजव्या हाताकडे कान देऊ नका. अहमदजान थिरकवाँ बरीच वर्षं बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर होते. त्यांच्या एकल वादनाची ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. त्यातला एखादा कायदा लावा, आणि डग्गा कुठं बोलतो, कुठं गप्प राहतो, 'गे' कुठं दाबून वर चढवलाय, एवढंच टिपा. मग झाकीरभाईंचा डग्गा ऐका. पहिल्यांदा काही हाती लागणार नाही. चौथ्या-पाचव्यांदा उजवा हात मागं सरतो आणि डावा पुढं येतो, अंधारात डोळे सरावल्यावर वस्तू दिसायला लागतात तसं.

वयाचं विचारलंत. सोळाव्या वर्षी येतो तसा वेग 47 व्या वर्षी येईल असं मी सांगणार नाही, उगाच खोटं कशाला बोलू? पण 100 ची लय ही काही वयानं अडवण्यासारखी नाही. त्यासाठी लागतो तो 0.3 सेकंदांत बोटं उभी करणारा डावा हात, आणि तो तुमच्या वयात शिकलेले माझ्याकडे चार जण आहेत. त्यातल्या एक आजी निवृत्तीनंतर आल्या. चिंचोके त्यांनीच आणून दिले.

एक वही करा. रोज एकच ओळ: तारीख, तुकडा, लय, किती चिंचोके परत आले. रोज 30 सेकंद रेकॉर्ड करा आणि ते त्याच वेळी ऐकू नका, दुसऱ्या दिवशी बसण्याआधी ऐका. वाजवताना आपण जे वाजवायचं ठरवलंय तेच ऐकत असतो. सहा आठवड्यांनी मला पुन्हा 40 सेकंद पाठवा, लय 80 चालेल. फोन मात्र या वेळी डग्ग्याच्या बाजूला ठेवा, मागच्या वेळी तो तबल्याला चिकटून होता.

— तुमची,
ताई